ग्रिम्झेलच्या पोटात: बद्द आणि खणखणीत

स्वित्झर्लंडमधल्या माइरिंगेनहून सुटलेली पिवळी पोस्टबस गुटानेनच्या पुढे चढू लागते तशी झाडं विरळ होत जातात आणि मग उरतो नुसता ग्रॅनाइट. हिमनदीने घासून गुळगुळीत केलेला, वरून कांद्यासारखे पापुद्रे सुटलेला. वरचा भार गेला की दाबून बसलेला खडक बाहेर फुगतो आणि उताराला समांतर तडकतो. या भेगा बसच्या खिडकीतूनही दिसतात. मी आले होते ते न दिसणाऱ्या भेगांसाठी.

ग्रिम्झेलची भूमिगत प्रयोगशाळा नाग्रा या संस्थेची. अणुकचरा खोल खडकात ठेवायचा तर तो खडक कसा वागतो, हे १९८४ पासून इथे तपासतात. (इथे कचरा पुरणार नाहीत, हे प्रत्येक पाहुण्याला आवर्जून सांगतात.) जलविद्युत केंद्राच्या बोगद्यातून गाडी थेट आत जाते. वाटेत १९७४ मध्ये सापडलेली स्फटिकांची कपार लागते. सगळे तिथे फोटोंत रमले, मी मात्र घड्याळ बघत होते.

आत डोक्यावर साधारण ४५० मीटर खडक. बोगद्याची भिंत यंत्राने गोल कोरलेली, गुळगुळीत. आमच्या वाटाड्याने हातोडी काढून भिंतीवर मारली : खणखणीत. चार पावलांवर पुन्हा मारली : बद्द. फुटकं मडकं वाजवून ओळखावं तसंच. भिंतीत मात्र काहीही दिसत नव्हतं.

भूकंपलहरींनी भेग शोधणं म्हणजे हीच ठोकाठोकी, फक्त मोजमापाने केलेली. पण माझी शंका जुनी होती. ग्रॅनाइटमध्ये लहर सेकंदाला साधारण पाच किलोमीटर जाते. पाच हजार हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पाच हजार कंपनांची, घेतली तर तिची लांबी होते एक मीटर. भेग केसाइतकी. एवढ्या लांब लहरीला ती कळते तरी कशी?

उत्तर ऐकलं आणि तिथेच वहीत लिहून घेतलं : लहरीला भेगेची रुंदी कळत नाही, ताठरता कळते. भेग म्हणजे पोकळ फट नव्हेच. दोन खडबडीत पृष्ठभाग जागोजागी एकमेकांना टेकलेले असतात. तेवढे टेकू सगळा भार पेलतात आणि स्प्रिंगसारखे दबतात. भार वाढला की आणखी टेकू लागतात, म्हणून भेग सुरुवातीला सहज मिटते आणि मग हट्टाला पेटते. लॉरा पायरॅक-नोल्टी, लॅरी मायर आणि नेव्हिल कुक या संशोधकांनी १९९० मध्ये नैसर्गिक भेगांच्या नमुन्यांवर हेच दाखवलं : मऊ भेग लहरीला किंचित उशीर करते आणि तिच्यातले उंच सूर गिळते. भिंतीपलीकडचं गाणं ऐकताना ठेका पोचतो, शब्द पोचत नाहीत, तसं.

पाण्याची गंमत तर त्याहून मोठी. फटीत पाणी भरलं की दाबाची लहर बरीच सुखरूप पार होते, कारण पाणी सहजी दबत नाही. आडव्या हलकाव्याच्या लहरीला मात्र पाण्याचा काडीचाही आधार नसतो. दोघींची तुलना केली की भेग कोरडी की ओली, याचा अंदाज येतो. १९८७ ते १९८९ या काळात अमेरिकेतल्या बर्कलीच्या लॉरेन्स प्रयोगशाळेतल्या लोकांनी इथल्याच एका भेगाळ पट्ट्याच्या आरपार लहरी पाठवून पाहिल्या होत्या.

एवढा आटापिटा कशासाठी? कारण पाणी भेगेतूनच वाहतं, आणि गुळगुळीत फटीचं गणित धरलं तर ती दुप्पट उघडली की प्रवाह आठपट होतो. शिवाय भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकल्या तर उंचवटे उंचवट्यांवर चढतात आणि फट रुंदावते. कचरा पुरणाऱ्याला हे नको असतं. खोल खडकातली उष्णता काढणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. ईटीएच झ्युरिक या विद्यापीठाच्या गटाने २०१७ मध्ये इथे दाबाने पाणी सोडून भेगा मुद्दाम सरकवल्या आणि त्यातून उठणारे इवलेसे भूकंप टिपले.

बाहेर आले तेव्हा डोळे दिपले. परतीच्या बसला वेळ होता. रस्त्याकडेचा एक पापुद्रा गोट्याने ठोकला. बद्द. तीन पावलं सरकले, परत ठोकला. अजूनही बद्द. पाचव्या पावलावर हाताला झिणझिण्या आल्या : खणखणीत.