दोन मिनिटं लेट आलेलं स्पेस स्टेशन

मी इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट आहे, हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं ग्राउंड स्टेशन माझ्याकडेच असतं. परवा शाळेची पोरं आली होती, त्यांना आयएसएसवरच्या (आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशन) रिपीटरमधून, म्हणजे खालून आलेला आवाज परत खाली पाठवणाऱ्या यंत्रातून, जाणारं बोलणं ऐकवायचं होतं, 437.800 मेगाहर्ट्झवर. पास, म्हणजे स्टेशनचं आमच्या आभाळातून जाणं, मस्त होता, नैर्ऋत्येकडून उगवून जवळपास डोक्यावरून ईशान्येला. आभाळ मात्र गच्च भरलेलं, म्हणजे डोळ्यांनी स्टेशन दिसायचा प्रश्नच नव्हता.

सॉफ्टवेअरने सांगितलेली वेळ झाली, अँटेना फिरवणारा रोटेटर फिरायला लागला, बीम (ती अँटेना) वर वर चढत गेला आणि स्पीकरमधून नुसती खरखर. पोरं एकमेकांकडे बघतायत. एचओडी सरांनी लगेच निदान केलं, 'केबल!' आणि दोन जणांना घेऊन गच्चीवर गेले. आमच्याकडे काहीही बिघडलं की आधी केबल.

मी टीएलई उघडला, सॉफ्टवेअर ज्यावरून स्टेशनची जागा काढतं ते आकडे. दोन ओळी, प्रत्येकी 69 अक्षरं, त्यात अख्खी कक्षा. लोक हे आकडे पासवर्डसारखे कॉपी-पेस्ट करतात, वाचत कुणी नाही. पहिल्या ओळीतला एपोक, म्हणजे हे आकडे कधीचे ते, वर्षाचे दोन आकडे आणि मग कितवा दिवस, तो बघितला तर पाच दिवस जुना. लॅबच्या पीसीला नेट नाही, सिक्युरिटी म्हणे, त्यामुळे फाईल ऑफिसातून पेनड्राइव्हने येते, येईल तेव्हा. एरवी पाच दिवसांनी एवढं बिघडत नाही हो. पण मोबाईलमधल्या ॲपवर ताजे केप्स, म्हणजे हेच कक्षेचे आकडे, होते, ते शेजारी धरले. इन्क्लिनेशन, म्हणजे कक्षेचा कल, तेच, 51.6 अंश. दुसऱ्या ओळीच्या शेवटाकडचा मीन मोशन, दिवसाला किती फेऱ्या तो आकडा, जुन्यात 15.500 आणि नव्यात 15.493. मधल्या काळात रीबूस्ट झाला होता, इंजिन पेटवून स्टेशन दोनेक किलोमीटर वर ढकललेलं.

कक्षा वर गेली की फेरीला वेळ जास्त लागतो. दोन किलोमीटरला फेरीमागे अडीच सेकंद. ऐकायला काहीच नाही, पण दिवसाला साडेपंधरा फेऱ्या आणि रीबूस्टला झालेले तीन दिवस, म्हणजे जवळजवळ दोन मिनिटं. वाट तीच, फक्त गाडी लेट. आणि दोन मिनिटांत स्टेशन नऊशे किलोमीटर जातं! आमचा बीम डोक्यावरून ईशान्येकडे कललेला आणि स्टेशन अजून नैर्ऋत्येलाच. वर डॉप्लरसाठी, म्हणजे स्टेशन जवळ येताना फ्रिक्वेन्सी वाढते आणि लांब जाताना घटते म्हणून, सॉफ्टवेअरने रेडिओ 437.795 ला उतरवलेला, खरा सिग्नल जवळ येतोय म्हणून 437.808 च्या आसपास. एफएममध्ये एवढ्या फरकाने काय ऐकू येणार, कप्पाळ.

दोन्ही ओळी हाताने टाइप करायला वेळ नव्हता, एक आकडा चुकला तरी चेकसम, म्हणजे ओळीच्या शेवटचा पडताळणीचा आकडा, जुळत नाही. मी सरळ पीसीचं घड्याळ दोन मिनिटं मागे घेतलं. मधल्या वेळात पृथ्वी फिरते त्याचा फरक अर्धा अंश, तो आमच्या यागी अँटेनाला कळतही नाही. रोटेटर गुरगुरत उलटा फिरला, नैर्ऋत्येला आला, रेडिओची फ्रिक्वेन्सी उडी मारून वर गेली आणि 'सीक्यू, सीक्यू' (कुणी ऐकतंय का, अशी हॅमवाल्यांची हाक) एकदम स्वच्छ. पोरं ओरडली.

आणि त्याच क्षणी वरून सरांचा आवाज, 'कनेक्टर लूज होता रे, टाइट केला!'

टाळ्या सरांना. शाळेच्या बाईंनी सरांचे आभार मानले. मी नंतर जाऊन मीन मोशन सांगायला लागलो तर म्हणाले, 'अरे, दोन मिनिटांनी काय होतंय?' खरं सांगायचं तर कनेक्टर लूज नव्हताच असं मला छातीठोकपणे सांगताही येत नाही, दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या ना. जुनं घड्याळ आणि टाइट कनेक्टर असं वेगळं तपासून बघायला हवं होतं, पण पास संपल्यावर कसलं तपासणार.

लॉगबुकात कारण म्हणून 'कनेक्टर' लिहिलंय, सरांची सही आहे. नव्या केबलची खरेदी मंजूर झाली. पीसीच्या नेटचा माझा अर्ज अजून टेबलावरच आहे.