देखणा जोड नापास झाला तेव्हा

ओढून ताकद बघायच्या ताण चाचणीत तुकडा बरोबर वेल्डमध्येच तुटला. ताकद भरली ७३८ मेगापास्कल, हवी होती किमान ७६०. पाठोपाठ आघात चाचणीचे (धक्क्याने तुटताना तुकडा किती ऊर्जा शोषतो त्याचे) आकडे आले : उणे ४० अंशांना ३१, १९ आणि १६ ज्यूल. सरासरी २७ तरी हवी होती. आडव्या पोझिशनची प्लेट आदल्या आठवड्यातच पास झालेली. उभी मात्र गेली.

पहिला संशय अर्थातच वेल्डिंगच्या रॉडवर. ई११०१८-एम या जास्त ताकदीच्या रॉडच्या जागी साधा, कमी ताकदीचा सत्तर-अठरा (ई७०१८) गेला असेल, असं मी छातीठोकपणे सांगून मोकळा झालो. धातूतले घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरने तोंडघशी पाडलं. निकेल १.८ टक्के, मॉलिब्डेनम ०.३५, मँगनीज १.५, कार्बन ०.०६. सगळं जिथल्या तिथे.

मग मायक्रोस्कोप. ताकद वाढवायला कार्बन सगळ्यात स्वस्त, पण तो वेल्ड ठिसूळ करतो, तडे आणतो. म्हणून असल्या रॉडमध्ये कार्बन मुद्दाम कमी ठेवतात आणि ते काम मँगनीज, निकेल, मॉलिब्डेनमकडून करून घेतात. निवणाऱ्या वेल्डमधल्या ऑस्टेनाइटचं (तापलेल्या पोलादाच्या रचनेचं) रूपांतर ते खालच्या तापमानापर्यंत लांबवतात आणि त्यामुळे रचना बारीक होते. पास झालेल्या नमुन्यात ते लख्ख दिसत होतं : टोपलीच्या विणीसारख्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक सुया. तड्याला पावलोपावली दिशा बदलावी लागेल अशा. उभ्या नमुन्यात जाड पट्ट्या, शेजारी शेजारी, एकाच दिशेने. तड्याला जणू सरळ रस्ताच.

धातू तोच, तर निवण्यात फरक. वही काढली : २४ व्होल्ट, १३० अँपिअर, वेग मिनिटाला जेमतेम ६० मिमी. म्हणजे हीट इनपुट (वेल्डच्या दर मिमीला दिलेली उष्णता) ३.१ किलोज्यूल प्रति मिमी, आमच्या मर्यादेच्या बाहेर. शिवाय दोन पासमधलं, म्हणजे वेल्डच्या एका थरानंतर दुसरा टाकण्याआधीचं, तापमान कुणी मोजलेलंच नव्हतं (ती चूक माझी). ८०० ते ५०० अंशांचा टप्पा वेल्डने रेंगाळत पार केला आणि मिसळलेल्या धातूंचा अर्धा फायदा तिथेच गेला.

ती प्लेट आमच्या सगळ्यात जुन्या वेल्डरने केली होती. रुंद वीव्हिंग (रॉड या बाजूने त्या बाजूला हलवत), नाण्यांची चवड आडवी केल्यासारखं. मी स्वतः तिचा फोटो काढून ठेवला होता.

"काका, हात फार हलवायचा नाही. बारीक बारीक पास टाका."

"साहेब, सत्तर-अठराला कधी कुणी बोललं नाही."

खरंच होतं ते. त्या रॉडला एवढं सोसतं.

दुसऱ्या प्लेटला वेग ११० ठेवला, दर पासआधी तापमान मोजलं. ताकद ७९४, आघात ५२, ६१, ४७. रिपोर्ट दाखवला तर काकांनी आकड्यांवरून नजर फिरवली, मग प्लेटकडे बघत म्हणाले, "पास असेल, पण जोड काही देखणा दिसत नाही हो."