उंचीचा रिकामा रकाना

पुण्यातील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात मी श्वसनोपचार तंत्रज्ञ म्हणून काम करते. आमचे व्हेंटिलेटर संगणक प्रणालीला जोडलेले आहेत. रुग्णाला एका श्वासात किती हवा मिळते याची नोंद आपोआप होते आणि सकाळच्या राउंडपूर्वी गुणवत्तेचा अहवाल तयार असतो. त्या सकाळी अहवालात सर्व खाटा हिरव्या, म्हणजे निर्दोष, होत्या.

तरीही न्यूमोनियातून एआरडीएस (फुप्फुसांना सूज येऊन रक्तातील ऑक्सिजन घटण्याची गंभीर अवस्था) झालेल्या, भोरकडून आलेल्या एका बाईंचे प्लॅटो प्रेशर, म्हणजे श्वास भरल्यावर फुप्फुसांत राहणारा हवेचा दाब, ३२ दिसत होते. ते ३० च्या आत हवे. त्यांना प्रत्येक श्वासाला ४५० मिलिलिटर हवा जात होती. बाई स्थूल असल्याने तो आकडा कोणालाच खटकला नव्हता. परंतु वजन वाढले म्हणून फुप्फुसे मोठी होत नाहीत, त्यांचा आकार उंचीवर ठरतो. उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोला १२ ऐवजी ६ मिलिलिटर हवा दिल्यास एआरडीएसमधील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० वरून ३१ टक्क्यांवर येते, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ८६१ रुग्णांच्या चाचणीने दाखवले आहे.

प्रणालीत त्यांच्या उंचीचा रकानाच रिकामा होता. उंची नाही म्हणून हिशेब नाही, आणि हिशेब नाही म्हणून दोषही नाही.

“ताई, आईंची उंची किती असेल?” मी मुलीला विचारले.

“माझ्या खांद्याला लागते,” ती म्हणाली.

सिस्टरांच्या मदतीने टाळूपासून टाचेपर्यंत टेप धरली. १४८ सेंटिमीटर भरले, म्हणजे हिशेबाचे वजन साडेएकेचाळीस किलो आणि योग्य श्वास जेमतेम २५० मिलिलिटरचा. डॉक्टर मॅडमनी हवा टप्प्याटप्प्याने कमी केली, श्वासांची गती वाढवली आणि एबीजी (रक्तातील वायूंची तपासणी) पाहत राहिल्या. कार्बन डायऑक्साइड थोडा चढला, तो त्यांनी चालवून घेतला. संध्याकाळी प्लॅटो २५ वर आले.

त्यानंतर मी रिकाम्या रकान्यांची यादी काढून घेतली. त्यात बहुतेक रात्री, घाईत, बेशुद्धावस्थेत दाखल झालेले रुग्ण होते. ज्यांच्यावर सर्वाधिक लक्ष हवे, नेमके तेच अहवालातून निसटत होते, हे मला फार गंभीर वाटले. आता उंची नसलेली खाट लाल दिसते. विभागाची टक्केवारी घसरली तेव्हा बैठकीत कारण विचारले गेले. मी ती यादी पुढे ठेवली आणि दाखल होतानाच उंची मोजण्याचा नियम त्याच दिवशी लागू झाला.