पाऱ्यातलं भोक

खोका चाळीस सेंटिमीटर लांबीचा, आणि मला त्यात न संपणारा व्हरांडा हवा होता. दोन टोकांना समोरासमोर आरसे लावायचे, एकाच्या मागचा पारा नाण्याएवढा खरवडायचा आणि तिथून डोकवायचं. (पारा आपला सवयीने म्हणायचा. काचेवर चांदी चढवायची रीत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने १८३५ साली दाखवली, त्यानंतर खरा पारा मागेच पडत गेला.) कलेच्या तासाला हे दीड तासात उरकेल, असा माझा अंदाज होता. दिवस गेला.

प्रमाण धरलं १:२४. १६५ सेंटिमीटरचा माणूस जेमतेम सात सेंटिमीटरचा. आरशाला टेकणारी वस्तू अर्धीच करायची, उरलेली आरसा पुरवतो, हे कळल्यावर मुलं चेकाळली. अर्धे खांब, अर्धं गोल टेबल. एकीने मातीची मांजर मधोमध कापून डोक्याकडचा भाग चिकटवला. दोन डोक्यांची, बिनशेपटीची मांजर तयार झाली. ती आम्ही ठेवली.

पहिली खोड फरशीने काढली. आरशाला कितीही घट्ट भिडवली तरी खरी फरशी आणि तिचं प्रतिबिंब यांच्यात काळपट चर दिसायचा. काच तीन मिलिमीटर जाड आणि चांदी तिच्या पाठीमागे. काचेतून ती जाडी दोनच मिलिमीटर भासते, प्रतिबिंबात तेवढीच आणखी, म्हणून चार मिलिमीटरची फट. आमच्या प्रमाणात तो जवळजवळ दहा सेंटिमीटरचा खड्डा, बाहुल्याचा पाय मुरगळावा असा. तासभर पुसून, घासून, दाबून पाहिलं. शेवटी एका मुलाने प्रत्येक दगडाच्या कडेला तेवढीच काळी पट्टी रंगवली आणि चर नक्षीत मिसळून गेला. हे मला सुचायला हवं होतं.

खरा पेच पुढे होता. भोकाला डोळा लावला की व्हरांड्याच्या मधोमध दिसायचा तोच डोळा, पुन्हा पुन्हा, लहान लहान होत गेलेला. आमच्यासारख्या खोक्यातल्या देखाव्याला डायोरामा म्हणतात, पण फ्रेंच चित्रकार दागेरने १८२२ साली पॅरिसमध्ये ‘डायोरामा’ उघडला, तो मुळात अख्खी इमारतच होती. प्रचंड रंगवलेल्या पडद्यांवर उजेड खेळवायचा आणि प्रेक्षक अंधारात बसवायचे. आम्हीही वर्गातले दिवे घालवले, पडदे ओढले. डोळा गेला, पण भोकाचा काळा ठिपका राहिला.

दरम्यान समोरच्या आरशामागचा फोमचा तुकडा एका बाजूने दबला होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

‘‘मॅडम, व्हरांडा वळतोय.’’

मी गुण्या घेऊन धावले. आरसे समांतर नसले की प्रतिबिंबांची रांग सरळ न जाता कमानीसारखी वाकते, आणि ही चूक मी सकाळीच तीनदा बजावली होती. कोन मोजला, तीन अंश. सरळ करायला हात घातला तर मागून दोघं एकदम ओरडली, ‘‘नको!’’ मी डोकावले. चाळीस सेंटिमीटरवर तीन अंश म्हणजे दोन सेंटिमीटरचा फरक. ठिपका तेवढाच सरकून समोरच्या आरशावरच्या अर्ध्या खांबाआड गेला होता. व्हरांडा हळूच उजवीकडे वळून दिसेनासा होत होता. सरळ व्हरांड्यापेक्षा तो कितीतरी खरा वाटत होता. मी गुण्या खाली ठेवला आणि आरसा तसाच पक्का केला.

लांबच्या टोकाला धुकं हवं म्हणून एकजण सकाळपासून कापूस विंचरत बसला होता. त्याची गरजच पडली नाही. प्रत्येक परावर्तनाला थोडा उजेड कमी होतो आणि काचेतल्या लोहामुळे हिरवट झाक चढते, त्यामुळे पलीकडचे खांब आपोआपच अंधुक दिसत होते. कापूस वाया गेला म्हणून तो जरा रुसला.

मग छताला एलईडीची पट्टी लावून मी झाकण चिकटवलं, चारही कडांनी, भरपूर गोंद घालून. रांग लागली. पहिल्याच मुलीने डोळा लावला आणि विचारलं, ‘‘भिंतीवर हे ठसे कुणी काढले?’’

आरशावर अंगठा उमटला होता. एक अंगठा, आणि मागे त्याची अख्खी वरात. सगळ्यांचे हात तपासले. एवढा मोठा अंगठा वर्गात एकच होता. मी निमूटपणे कटर घेतला आणि झाकण कापायला बसले.