बोटांनी वाचायची वळणं

फोनवर त्या बाईंनी आधी मापं सांगितली, मग क्विल्ट, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेली गोधडी, वळणांचाच हवा असं सांगितलं. मी सवयीने रंग विचारले.

“रंगांचं नंतर बघू, ताई. माझ्या दादासाठी हवाय. काचबिंदूने त्याची दृष्टी गेली. ट्रक चालवायचा तो. हाताला वळणं लागतील असं काहीतरी करता येईल का?”

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र जाणवलं की गोल शिवणीची माझी सगळी समज डोळ्यांवर उभी आहे. गडद रंगाशेजारी फिका रंग आला की वळण उठून दिसतं. शिवण जरा इकडेतिकडे झाली तरी रंग सांभाळून घेतात. रंगच काढून घेतले, तर वळणाचं काय उरतं? उरते ती फक्त शिवण. म्हणून मी शिवणीपासूनच विचाराला लागले.

ज्यांनी गोल जोडकाम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चौकोनाच्या एका कोपऱ्यातून पाव वर्तुळ कापून काढलं की उरलेला भाग एलसारखा दिसतो, आणि आम्ही त्याला एलच म्हणतो. वेगवेगळ्या कापडांतले हे दोन तुकडे जोडले की ब्लॉक, म्हणजे क्विल्टचा एक चौकोन, तयार. ‘ड्रंकर्ड्स पाथ’ नावाचा जुना ब्लॉक याच दोन तुकड्यांचा आहे. खरी अडचण मायेत, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या जादा कापडात, असते. शिवणीच्या रेषेवर दोन्ही तुकड्यांची लांबी सारखी असते, पण टाचण्या लावताना आपल्या हातात कडा असतात आणि त्या सारख्या नसतात. ४ इंच त्रिज्या घेतली तर शिवण ६.२८ इंच होते. दोन सूत, म्हणजे पाव इंच माया धरली तर पाव वर्तुळाची कड ६.६८ इंच आणि एलची ५.८९ इंच. फरक पाऊण इंचाहून थोडा जास्त. त्रिज्या कितीही घ्या, माया तीच ठेवली तर हा फरक तेवढाच राहतो! म्हणून मोठं वळण सोपं जातं आणि लहान वळण छळतं. १ इंच त्रिज्येची शिवण जेमतेम दीड इंच लांब असते, आणि तेवढ्यात तोच पाऊण इंच मुरवायचा असतो. मदतीला येतो तो कापडाचा उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी जाणारी दिशा. वळणाची दोन्ही टोकं सरळ धाग्यावर असतात, मधला भाग उरेब असतो आणि तो ताण घेतो. एलचा तुकडा वर ठेवायचा, आधी मध्य जुळवायचा, मग टोकं, टाका बारीक करून २ मिलिमीटरवर आणायचा आणि हळूहळू जायचं. इस्त्री करताना माया एलकडे वळवायची. तसं केलं की पाव वर्तुळाची माया आहे तशीच सपाट पडते आणि एलच्या मायेला दिलेले छोटे कट उघडून जागा करतात. मी शिकले ते असंच, आणि शिकवतेही असंच.

दादा बहिणीबरोबर वर्कशॉपमध्ये आले तेव्हा मी टेबलावर नमुन्याच्या पट्ट्या मांडून ठेवल्या होत्या. प्रत्येक पट्टीत ८ इंचांचे काही ब्लॉक, कापडाची जोडी मात्र वेगळी. वळण ब्लॉकच्या कडेला बरोबर मध्यावर, ४ इंचांवर, येत होतं. म्हणजे पुढचा ब्लॉक उलटा फिरवला की रेषा अखंड पुढे जाते.

त्यांनी आधी दोन्ही तळवे पट्टीवर ठेवले, नुसती ओळख करून घेतल्यासारखे. मग उजव्या हाताची तर्जनी तेवढी ठेवली.

कॉर्डुरॉय पहिल्याच फेरीत बाद झालं. मला ते सगळ्यांत खात्रीचं वाटत होतं, कारण त्याचा पोत हाताला लगेच कळतो. पण त्याच्या उभ्या रेघा स्वतःच वाटा होऊन बसतात. बोट वळणापर्यंत आलं की रेघेच्या मागे सरळ निघून जायचं. मखमलीचंही जमलं नाही. ती मऊ खरी, पण तिच्या लवीत शिवणीची कड बुडते, आणि मशीनखाली दुसऱ्या कापडावरून ती सरकत राहते, हा त्रास वेगळाच. टिकली ती एकच जोडी, खरखरीत लिनन आणि गुळगुळीत सुती सॅटिन. “हा रस्ता आणि ही रस्त्याकडेची माती,” ते म्हणाले. सॅटिन रस्ता, लिनन माती. पुढे दिवसभर आम्ही तीच नावं वापरली.

मग त्यांनी जे सांगितलं त्यासाठी मी अजिबात तयार नव्हते.

“ताई, ही कड आधी रस्त्याच्या बाजूला होती. इथून पुढे ती मातीच्या बाजूला गेली. का?”

मी ब्लॉक उलटा करून पाहिला आणि लख्ख समजलं. रेषा एसच्या आकारात पुढे न्यायची तर एका ब्लॉकात पाव वर्तुळ सॅटिनचं येतं आणि पुढच्यात लिननचं. तसं केलं नाही तर रस्ता रस्त्याला जोडला जात नाही. आणि माया दर वेळी एलकडे वळवलेली. म्हणजे एका ब्लॉकात ती लिननखाली, पुढच्यात सॅटिनखाली. जिच्याखाली माया ती बाजू उचललेली. डोळ्यांना याचा पत्ताही लागत नाही. बोटाला मात्र प्रत्येक सांध्यावर कठडा रस्त्याच्या या अंगावरून त्या अंगाला उडी मारताना कळतो.

किती उंचीची गोष्ट आहे ही? ब्रेलचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर उंच असतो आणि बोट तेवढ्यावर अख्खं पान वाचतं. एका बाजूला वळवलेल्या मायेने त्या बाजूखाली कापडाचे दोन थर जास्तीचे येतात. ती उंची साधारण याच मापाची. आपण क्विल्टर माया लपवायची वस्तू मानतो. इथे तीच अक्षर होती.

त्या दुपारी मी नियम बदलला. माया नेहमी सॅटिनखाली जाणार, मग सॅटिन एलमध्ये असो की पाव वर्तुळात. म्हणायला सोपं आहे. सॅटिनचं पाव वर्तुळ असलेल्या ब्लॉकात माया आतल्या बाजूला वळते, आणि ६.६८ इंचांच्या कडेला ५.८९ इंचांच्या जागेत बसायचं असतं. त्यातून चुण्या पडतात, आणि चुणी म्हणजे बोटाखाली खडा. मी पाव वर्तुळाची माया एक सुतावर कापून घेतली आणि तिच्यात बारीक त्रिकोणी खाचा काढल्या. दोन सुतांतलं एक सूत कमी केलं की फरक निम्म्यावर येतो, बाकीचा खाचा गिळतात. वाफेच्या इस्त्रीने ती सपाट बसवून तोच ब्लॉक पुन्हा त्यांच्या हाती दिला. बोट सांध्यावरून न थांबता गेलं. त्यांनी तेवढाच भाग पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला, आणि मीही डोळे मिटून पाहिला. मला आधीचा आणि नंतरचा फरक कळायला बराच वेळ लागला.

पुढची अडचण सरळ शिवणींची. ब्लॉकला ब्लॉक जोडला की तिथेही उंचवटा तयार होतो, आणि वळणावरून आलेलं बोट त्या चौकात भलतीकडे वळतं. यावर उपाय शिवणकामातला नेहमीचाच, तिथली शिवण फोडून इस्त्री करायची. माया दोन्हीकडे वाटली गेली की उंची खाली येते. मग वळण उंच, जोड सपाट. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. एरवी शेजारच्या ब्लॉकांच्या माया विरुद्ध दिशांना वळवल्या की त्या सांध्यावर एकमेकींत अडकतात आणि टोकं आपोआप जुळतात. इथे सगळ्या वळणांची माया एकाच अंगाला, त्यामुळे अडकायला काहीच नाही. प्रत्येक सांध्यातून टाचणी आरपार उभी घालायची, हाताने कच्चा टाका घ्यायचा आणि मगच टीप मारायची. दुसरा रस्ता नाही. सांधा धाग्याभराने सरकला तरी दादांचं बोट अडखळत होतं. क्विल्ट भिंतीवर लावायचा असता तर मी तो सांधा कौतुकाने दाखवला असता.

आणि मग आला वळणाचा आकार. मला वाटलं होतं, या बाबतीत माझ्याकडे शिकवण्यासारखं आहे.

“इथे गाडी फेकली जाईल,” ते म्हणाले. बोट दोन वळणांच्या मधोमध होतं, डावं वळण संपून उजवं सुरू होतं तिथे. “स्टिअरिंग एका क्षणात इकडून तिकडे जात नाही ना. मध्ये सरळ यायला जागा लागते.”

बरोबर होतं त्यांचं. आमचं वळण म्हणजे शुद्ध वर्तुळाचा तुकडा. ते पूर्ण ताकदीने सुरू होतं आणि पूर्ण ताकदीने थांबतं. रस्ते आणि रेल्वेमार्ग आखणारे म्हणूनच सरळ भाग आणि वर्तुळ यांच्यामध्ये हळूहळू आवळत जाणारा वक्र घालतात. तसा वक्र मला कापडात नेमका कापता आला नसता, निदान प्रत्येक ब्लॉकमध्ये सारखा तर नाहीच. पण सरळ जागा देणं शक्य होतं. ब्लॉक ८ ऐवजी १० इंचांचा केला, त्रिज्या ४ इंचच ठेवली, आणि वळणाच्या दोन्ही टोकांना एकेक इंच सरळ रेषा जोडली. १ आणि ४ मिळून ५, म्हणजे कडेचा मध्य तसाच राहिला आणि दोन वळणांच्या मध्ये २ इंच मोकळे मिळाले. हे साचे मी त्यांच्यासमोरच जाड पुठ्ठ्याचे कापले. त्यांनी पुठ्ठ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “आता झोप लागेल इतका चांगला रस्ता आहे.” बहीण हसली, मी मात्र मोठ्या समाधानाने साच्यावर खूण केली.

सगळं ठरल्यावर त्यांनी अचानक विचारलं, “रंग कोणते घेणार?”

मी बहिणीकडे पाहिलं. ते म्हणाले, “मी रंग पाहिलेत. मला माहीत असायला हवं काय पांघरलंय ते.” रस्ता पिवळा आणि माती गडद निळी, हे त्यांनी ठरवलं. पिवळा म्हणजे कोणता, हे पक्कं होईपर्यंत मी कापडं एकेक करून शब्दांत सांगत होते. हळद नको, लिंबू नको, संध्याकाळी समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याचा हवा, जुन्या दिव्याचा. तसा सापडला. हा प्रश्न मी आपणहून विचारायला हवा होता असं कुणी म्हणेल. मला मात्र तो त्यांच्याकडूनच आला याचा आनंद आहे, कारण त्यांनी तो हक्काने विचारला.

क्विल्ट ६० बाय ८० इंचांचा झाला. सगळ्याच ब्लॉकांत वळण नाही, काही नुसतेच सॅटिनचे तर काही नुसतेच लिननचे. एकच रेषा खालच्या काठापासून वळत वळत वरच्या काठाला जाते, आणि ती जिथे सुरू होते तिथे जाड दोऱ्याचे गाठीचे टाके आहेत. भरण पातळ सुती घेतलं. फुगीर भरण घेतलं तर टिपांच्या मधला फुगवटाच हाताला आधी लागतो आणि शिवण त्यात हरवते. सुती भरण धुतल्यावर आटतं आणि क्विल्टवर बारीक सुरकुत्या येतात. बहुतेकांना त्या आवडतात, मलाही. इथे त्या म्हणजे खोट्या रेषा, म्हणून कापडं आणि भरण दोन्ही आधी धुवून आटवून घेतली. शेवटची टीप वळणाच्या खालच्या अंगाला, लिननवर, शिवणीला अगदी लागून मारली. ती लिननला खाली ओढते आणि सॅटिनची कड आणखी स्पष्ट उभी राहते.

काही धुण्यांनंतर बहिणीचा फोन आला. एका सांध्यावर सॅटिनचे धागे सुटायला लागले होते. एक सूत माया ठेवलेल्या जागी ही शक्यता असतेच, म्हणून तिथे मागून हाताने टाके घालून दिले. आता असे ब्लॉक करताना मी त्या मायेला आधीच पातळ चिकट अस्तर लावून घेते. दादांची तक्रार वेगळी होती. वरच्या काठाजवळचं शेवटचं वळण त्यांना फार लवकर संपतं, तिथे ६ इंच त्रिज्या हवी आहे. पुठ्ठा कापून ठेवलाय. १४ इंचांचा ब्लॉक होईल तो, आणि शेजारच्या १० इंचांच्या ब्लॉकांशी त्याची कड कशी जुळवायची, ते अजून कागदावर सुटायचंय.