चरबी उरली तरी थांबावं लागतं

जालना जिल्ह्यातल्या एका गावाहून विशीतली मुलगी आईबरोबर संभाजीनगरला आली होती. उजव्या बाजूचं स्तन जवळजवळ वाढलेलंच नव्हतं, काखेची पुढची कड नव्हती, त्याच हाताची बोटंही आखूड. छातीचा मोठा स्नायू जन्मतःच अर्धवट राहतो तो पोलंड सिंड्रोम. अशा पातळ कातडीखाली सिलिकॉन इम्प्लांट बसवलं तर वर स्नायूचं आवरण नसल्यानं त्याची कड हाताला लागते, कधी नजरेलाही दिसते. म्हणून तिचीच चरबी काढून छातीत भरायचं ठरलं.

तपासणीत "तंबाखू, सिगरेट?" याला "नाही" असंच उत्तर आलं. "मिश्री लावतेस का?" म्हटल्यावर मुलीनं आईकडे पाहिलं. खेड्यातल्या बाईला हा प्रश्न वेगळा विचारायलाच हवा, कारण मिश्रीतलं निकोटीनही बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि नव्यानं ठेवलेली चरबी जगत नाही. शस्त्रक्रिया महिनाभर पुढे ढकलली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पोट आणि मांड्यांत १ लिटर रिंगर लॅक्टेटमध्ये (सलाइनसारखं द्रावण) १ मिलिग्रॅम अॅड्रेनालिन (रक्तस्राव कमी करणारं औषध) घालून सोडलं आणि कातडी पांढुरकी पडेपर्यंत वीसेक मिनिटं थांबलो. मग ३ मिलिमीटरची कॅन्युला, म्हणजे पोकळ नळी, आणि १० मिलिलिटरची सिरिंज. दट्ट्या थोडाच ओढायचा. जोरात खेचलं की पेशी फुटतात आणि हाती नुसतं तेल येतं. सेंट्रिफ्यूज यंत्रात मिनिटाला ३००० फेऱ्यांवर ३ मिनिटं फिरवल्यावर वर तेल, खाली रक्तमिश्रित पाणी आणि मधे कामाची चरबी. काढलेल्या सुमारे ५०० मिलिलिटरमधून २६० उरली.

खरं कौशल्य भरण्यात आहे. बोथट टोकाची २ मिलिमीटरची कॅन्युला आत न्यायची आणि मागे घेताना चरबीची बारीक रेघ सोडायची, एका फेरीत १ मिलिलिटरहूनही कमी. दोन-तीन छिद्रांतून, वेगवेगळ्या थरांत, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा. पहिले काही दिवस या चरबीला स्वतःची रक्तवाहिनी नसते. आजूबाजूच्या ऊतींतून झिरपेल तेवढ्यावरच ती तगते, आणि ते पोषण दीड-दोन मिलिमीटरपलीकडे पोचत नाही. एका जागी गोळा ठेवला तर त्याचा गाभा मरतो. मग तेलाची गाठ होते, पुढे तिथे कॅल्शियम साचतं, आणि बाईला काही वर्षांनी ती गाठ हाताला लागली की कर्करोगाच्या भीतीनं झोप उडते. पोलंड सिंड्रोममध्ये आणखी एक धोका: खाली स्नायू नाही, थेट बरगड्या आणि फुप्फुसाचं आवरण. कॅन्युला छातीला समांतर ठेवायची आणि दुसऱ्या हाताची बोटं सतत तिच्या टोकावर.

सुमारे १४० मिलिलिटर झाल्यावर कातडी ताणून फिकी पडू लागली, छिद्रांतून चरबी उलट बाहेर यायला लागली. इथे थांबायचंच. यापुढे भरलेला प्रत्येक थेंब आतला दाब वाढवतो, केशवाहिन्या मिटतात आणि आधी नीट बसलेली चरबीही मरते. उरलेली १२० मिलिलिटर दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेली.

बाहेर आईनं विचारलं, "एवढी उरली तर टाकून कामून दिली साहेब? एकदाच भरली असती, तर पुन्हा यायचं काम पडलं नसतं." प्रश्न रास्त होता. गाडीभाडं, बुडालेली मजुरी, घरी सांगायचं कारण, सगळं त्यात होतं. "मावशी, जास्त भरली तर सगळीच वाया जाईल. फ्रीजमध्ये ठेवूनही ती जिवंत राहत नाही," असं सांगितलं. पटायला वेळ लागला.

त्याच वेळी हेही सांगून ठेवलं की तीन-चार आठवड्यांत सूज उतरेल, आकार कमी दिसेल, आणि तीन ते सहा महिन्यांत भरलेल्यातली साधारण ३० ते ५० टक्के चरबी विरेल. हे आधी सांगितलं नाही तर घरचे "सगळं गेलं" म्हणून हवालदिल होतात. पोटा-मांड्यांना घट्ट पट्टा. छातीवर मात्र महिनाभर काहीही आवळायचं नाही, पालथं झोपायचं नाही, मिश्री बंदच. वजनही उतरू द्यायचं नाही, कारण ही चरबी पोटावरच्या चरबीसारखीच वागते.

सहा महिन्यांनी दुसऱ्या बैठकीला आली तेव्हा कातडी सैलावली होती. त्याच जागेत या वेळी १९० मिलिलिटर ताण न येता बसली.

गाठींच्या भीतीनंच अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेनं १९८७ मध्ये स्तनात चरबी भरायला विरोध केला होता. ती भूमिका २००९ मध्ये बदलली. आता चरबी मेल्याच्या खुणा आणि कर्करोगाच्या खुणा अनुभवी रेडिओलॉजिस्टला बहुतेक वेळा वेगळ्या ओळखता येतात, आणि आधीचा रिपोर्ट समोर असेल तर ते सोपं जातं. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेआधीची सोनोग्राफी आणि सहा महिन्यांनंतरची, दोन्ही तिच्या फाइलला लावून दिल्या. पुढे कुठेही छातीची तपासणी झाली तर ही फाइल दाखवायची आणि इथे चरबी भरली आहे हे आधी सांगायचं, हे मुलीला आणि आईला दोघींनाही बजावलं.