मोटर लोडवर लावल्याशिवाय घ्यायची नाही: मुलीसाठी एआय निवडतानाचा माझा अनुभव

माझं पाचोऱ्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकरी जळालेली मोटर आणतो, मी वाइंडिंग भरतो, आणि तो एकच म्हणतो, "दादा, पाणी ओढून दाखवा." लोडवर, म्हणजे खऱ्या कामाला न लावता नुसती फिरून दाखवली तर पैसे देत नाही. मुलीसाठी एआयचं शिकवणीचं ॲप निवडायला बसलो तेव्हा ही साधी गोष्ट मलाच आठवली नाही. त्यात माझे हजार रुपये गेले.

मुलगी सहावीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत, मराठी माध्यमात. धाकटा पहिलीत. दिवाळीनंतर एक मुलगा घरी डेमो द्यायला आला. टॅबलेट, तीन वर्षांचं पॅकेज, "एआय गुरुजी चोवीस तास", हप्ते पाडून मिळतील आणि ऑफर फक्त आजची. मुलीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर टॅबलेटनं फाडफाड दिलं. मी बुकिंगचे हजार भरले. रात्री हिशोब केला तर तीन वर्षांचे पैसे नव्या सबमर्सिबलच्या घरात जात होते. सकाळी नको म्हणून फोन केला. हजार रुपये अजून "प्रोसेसमध्ये" आहेत.

मग ठरवलं की जे काही घ्यायचं ते आधी घरी लोडवर लावायचं, आणि फुकटात जेवढं चालवता येईल तेवढं चालवून बघायचं. महिनाभर दुकान बंद केल्यावर रोज अर्धा तास हेच केलं.

पहिला धक्का वयाचा. मुलगी माझ्या फोनवर चॅटजीपीटीला प्रश्न विचारायची आणि मला त्याचं कौतुक वाटायचं. अटी वाचल्या तर तिथे स्पष्ट लिहिलंय की किमान वय १३, आणि १८ च्या आत असेल तर पालकांची परवानगी हवी. आमची ११ ची. बाकीच्या ॲपचंही तेव्हापासून आधी वय बघायला लागलो. एका अभ्यासाच्या ॲपनं तर उघडल्या उघडल्या फोनमधले सगळे नंबर मागितले. त्रैराशिकाला माझ्या गिऱ्हाइकांचे नंबर कशाला लागतात? आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक पोर बालकच धरलंय. त्याची माहिती घ्यायला पालकांची खात्रीशीर संमती लागते, आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती मारायला मनाई आहे, असं त्यात लिहिलंय. कायदा कागदावर किती आणि फोनमध्ये किती, ते सोडा. नंबर मागणारं ॲप मी त्याच मिनिटाला काढून टाकलं.

उरली तीन. त्यांना मी भास्कराचार्यांचं भुंग्यांचं गणित घातलं. आमच्याच जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्यानं मठ काढला, असं त्यात कोरलंय. शाळेची सहल तिथेच गेली होती, म्हणून पोरीला ते गणित माहीत होतं. थव्यातले एक पंचमांश भुंगे कदंबावर गेले, एक तृतीयांश दुसऱ्या फुलावर, त्या दोघांतल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर, आणि एक हवेतच घुटमळत राहिला. तर एकूण भुंगे किती? उत्तर १५.

पहिल्यानं पटकन १५ सांगून सगळ्या पायऱ्या लिहून दिल्या. पोरीनं वहीत उतरवल्या आणि खेळायला गेली. डोक्यात काय गेलं? काही नाही. दुसऱ्याचं मराठी ऐकून तीच हसायला लागली. छेदाला "हर" म्हणत होतं आणि लसाविला "लघुत्तम समापवर्त्य". ही हिंदीच्या पुस्तकातली भाषा. बालभारतीत अंश, छेद, लसावि, मसावि असतं. पोरगी आधीच अपूर्णांकाला घाबरते, त्यात शब्दही परके आले तर ती गणितालाच दोष देणार. तिसऱ्यानं मात्र उत्तर दिलं नाही. "तीन आणि पाच दोघांनी भाग जाईल अशी लहानात लहान संख्या कोणती?" असं उलट तिलाच विचारलं. मला ते आवडलं.

पण आमच्या धंद्यात मोटर चालू आहे एवढ्यावर कुणी पास करत नाही, व्होल्टेज पाडूनही बघतात. मी पोरीला म्हटलं, सांग त्याला की आमच्या सरांनी उत्तर १८ काढलंय. पहिल्या ॲपनं लगेच माफी मागितली आणि १८ कसं बरोबर, याच्या नव्या पायऱ्या मांडल्या! १८ चा एक पंचमांश म्हणजे साडेतीनच्या वर भुंगे, हेही त्याला खटकलं नाही. तिसरं म्हणालं, १८ ला ५ नं भाग जातो का ते करून बघ. माझ्या मते या एका चाचणीत सगळं कळतं. चुकीचं उत्तर ठामपणे सांगा आणि मान डोलावतं का ते बघा. पैसे भरण्याआधी एवढं प्रत्येकानं करावं.

तरी ते तिसरं मी आठवड्यातून तीनच दिवस ठेवलंय, माझ्या ईमेलवर, मी बाजूला बसलो असताना. धाकट्याला एआय बीआय काही नाही. त्याला स्क्रॅच ज्युनिअर हे कोडिंगचं ॲप दिलंय, ते पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठीच आहे. चित्रांचे ठोकळे जोडून मांजर पळवतो, खूष आहे.

खरी मजा आली ती गूगलच्या टीचेबल मशीननं. हे शिकवत नाही, आपण त्याला शिकवायचं. ब्राउझरमध्ये फुकट चालतं, आणि आपण स्वतः सेव्ह किंवा अपलोड केल्याशिवाय फोटो आपल्या कॉम्प्युटरबाहेर जात नाहीत. दुकानातला जुना लॅपटॉप त्याला पुरला. हिवाळ्याचे दिवस, घरात भरिताची वांगी आलेली. पोरीनं ठरवलं की भरिताचं हिरवं वांगं आणि भाजीचं जांभळं वांगं त्याला ओळखायला शिकवायचं. दोन्हींचे चाळीस चाळीस फोटो काढले. झकास ओळखू लागलं. मग तिनं जांभळं वांगं उचलून बाहेर ओट्यावर ठेवलं, तर मशीन ठामपणे म्हणे, भरिताचं.

पोरगी रडकुंडीला आली. मलाही काही समजेना. माझी आई शेंगा फोडत बसली होती. तिनं लॅपटॉपवरचे फोटो बघितले आणि अहिराणीत म्हणाली, "त्याले वांगं नही, वट्टा दिखस."

बरोबर होतं. हिरव्या वांग्यांचे सगळे फोटो सकाळी ओट्यावर काढलेले, जांभळ्यांचे रात्री स्टीलच्या ताटात. मशीननं वांगं शिकलंच नव्हतं, मागची जागा शिकली होती. पोरीनं दोन्ही वांगी ओट्यावर, ताटात, गोणपाटावर, पाटावर ठेवून पुन्हा फोटो काढले, तेव्हा कुठे ते ताळ्यावर आलं. तीन वर्षांच्या पॅकेजमध्ये हे कुणी शिकवलं असतं असं मला वाटत नाही. तेव्हापासून ते तिसरं ॲप काही बोललं की ती विचारते, "याला हे कोणी शिकवलं असेल?" कधी कधी हाच प्रश्न ती मलाही विचारते, तेव्हा जरा जड जातं.

आता तिचं बस्तान माझ्या दुकानात आहे. टीचेबल मशीनमध्ये आवाजाचाही प्रकार आहे. बेअरिंग गेलेली मोटर आणि चांगली मोटर यांचे आवाज ती भरतेय. त्याआधी वीस सेकंद आजूबाजूचा नेहमीचा आवाज द्यावा लागतो. त्या वेळी एक आजोबा स्टार्टर घ्यायला आले आणि कॉम्प्युटर ऐकतोय म्हटल्यावर श्वास रोखून उभे राहिले. पोरगी म्हणाली, "आजोबा, तुम्ही बोला ना, नेहमीसारखं." बेअरिंग गेलेली मोटर ते आता दहात आठ वेळा ओळखतं. फक्त बाहेर ट्रॅक्टर उभा राहिला की त्याचंही बेअरिंग गेलंय म्हणतं.